कार्पेंटरचा सर्वोत्तम कोणता? माझ्या यादीत ‘हॅलोविन’ तिसरा

निशाचर:

भयपटांचा अमेरिकी दिग्दर्शक जॉन कार्पेंटर याचा विषय निघाला की ‘हॅलोविन’ पहिला, ‘द थिंग’ दुसरा आणि पुढे ज्याची त्याची आवड, असा क्रम ठरूनच गेलाय. मला तो पटत नाही. माझी यादी वरून खाली अशी: ‘द थिंग’ (१९८२), ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’ (१९८७), ‘हॅलोविन’ (१९७८), ‘दे लिव्ह’ (१९८८), ‘असॉल्ट ऑन प्रीसिंक्ट १३’ (१९७६), ‘इन द माउथ ऑफ मॅडनेस’ आणि ‘एस्केप फ्रॉम न्यू यॉर्क’. त्याखाली क्रम लावत बसण्यात मला रस नाही. ‘घोस्ट्स ऑफ मार्स’ तर पक्क्या चाहत्यानेही एकदाच बघावा.

(पुढे स्पॉयलर आहेत. चित्रपट येऊन चाळीस वर्षं होऊन गेली, आता तक्रार नको.)

‘द थिंग’ची सुरुवातच बघा. कोणाचीही हुबेहूब नक्कल करणाऱ्या परग्रहजीवाची ही गोष्ट. अंटार्क्टिकाच्या बर्फात एक कुत्रा पळतोय आणि हेलिकॉप्टरमधून एक नॉर्वेजियन माणूस त्याच्यावर गोळ्या झाडतोय. खाली उतरल्यावर तो जीव तोडून ओरडून इशारा देतो, पण अमेरिकन तळावर ती भाषा कोणालाच येत नाही. ते त्यालाच गोळी घालतात आणि कुत्र्याला आत घेतात. ज्या प्रेक्षकाला नॉर्वेजियन येतं त्याला पहिल्या दहा मिनिटांतच सगळं कळतं, बाकीचे आपण तळावरच्या लोकांइतकेच गाफील.

आणि ‘प्रिन्स’ दुसरा, कारण सैतान ही पदार्थविज्ञानाची अडचण म्हणून मांडायचं धाडस इतर कोणी केल्याचं मला आठवत नाही. चर्चच्या तळघरात हिरव्या द्रवाने भरलेलं नळकांडं, त्याभोवती पाद्री आणि विद्यार्थी, आणि सगळ्यांना पडणारं एकच स्वप्न. ते स्वप्नही नव्हे, १९९९ सालातून मागे पाठवलेलं प्रक्षेपण! त्या मुंग्या आलेल्या व्हिडिओचित्रात चर्चच्या दारात नुसती एक आकृती उभी असते. कार्पेंटरने याहून भीतीदायक काही केलेलं नाही.

दुसरं रीळ:

पूर्ण असहमत. ‘हॅलोविन’ तिसरा लावणाऱ्याने तो नीट बघितलेलाच नाही.

हातात काय होतं त्या माणसाच्या? तीन लाख डॉलरच्या आसपास पैसे. खुन्याचा मुखवटा म्हणून ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा बाजारू मुखवटा आणून पांढरा रंगवला. शरद ऋतू दाखवायचा होता आणि चित्रीकरण वसंतात, म्हणून रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला पुन्हा पसरायची. डेब्रा हिलबरोबर लेखन, दिग्दर्शन आणि संगीत त्याचं स्वतःचं. रक्त जवळजवळ नाही. कुंपणाच्या झुडपामागे कोणीतरी उभं होतं आणि आता नाही, एवढ्यावर दीड तास घाम फोडतो.

‘द थिंग’मधून रॉब बॉटिनचे इफेक्ट्स काढा. बिल लँकेस्टरची पटकथा काढा, एन्निओ मॉरिकोनेचं संगीत काढा. किती कार्पेंटर उरतो? दिग्दर्शकाची यादी करताय ना? मग त्याच्या हातचं काय ते मोजा.

निशाचर:

माझी यादी चित्रपटांची आहे, दिग्दर्शकाच्या एकट्याच्या मेहनतीची नाही. सगळं स्वतः केलं म्हणजे जास्त गुण, हा शाळेतल्या हस्तकलेचा नियम झाला.

तरी तुमच्याच मापाने बघू. तोच कुत्रा रात्री तळाच्या रिकाम्या बोळातून शांतपणे चालत जातो. एका दारापाशी थांबतो, आत जातो. भिंतीवर एका माणसाची सावली, ती मान वळवते, आणि पडदा काळा. ना रक्त, ना रबर, ना बॉटिन. तो माणूस कोण हे आपल्याला शेवटपर्यंत नक्की कळत नाही. हे कोणाच्या हातचं? कोण माणूस आणि कोण नक्कल ते ठरवणाऱ्या रक्ताच्या चाचणीतही उडणाऱ्या रक्तापेक्षा सोफ्याला बांधून ठेवलेल्यांचे चेहरे जास्त छळतात. एकेका बशीत तापलेली तार बुडते आणि आपण पुढच्याचा चेहरा वाचायला लागतो.

बॉटिनचं श्रेय मात्र पूर्ण मान्य. विशीतल्या मुलाने वर्षभर सुटी न घेता काम केलं आणि शेवटी अतिश्रमाने रुग्णालयात पोचला. (तळावरच्या श्वानगृहातला प्राणी मात्र स्टॅन विन्स्टनचा, बॉटिनवरचा भार हलका करायला.)

सिंथवेडा:

संगीतावरून आठवलं. मॉरिकोनेला ‘द थिंग’साठी सर्वात वाईट संगीताचं रॅझी (वाईट चित्रपटांची थट्टा करणारा पुरस्कार) नामांकन मिळालं होतं! त्यातल्या न वापरलेल्या काही रचना पुढे ‘द हेटफुल एट’मध्ये आल्या आणि त्या चित्रपटाने त्याला ऑस्कर दिलं. आणि ‘द थिंग’ची मुख्य धून ऐका, दोन ठोके, मग शांतता. डोळे मिटून ऐकली तर कार्पेंटरचीच वाटते. मॉरिकोनेसारख्या माणसाकडून तो आपल्या पद्धतीचं वाजवून घेतो, ही गोष्ट दुसरं रीळ यांच्या हिशेबात कुठे बसते?

‘हॅलोविन’ची धून पाच मात्रांची. ती लय लहानपणी वडिलांनी बाँगोवर शिकवली होती, वडील संगीताचे प्राध्यापक. कानाने लावायची तर माझी यादी ‘असॉल्ट’पासून सुरू होते.

तिरकस:

‘दे लिव्ह’ चौथा? कमाल आहे.

काळा चष्मा लावला की माणसांत लपलेले परग्रहवासी दिसतात, जाहिरातीच्या जागी ‘आज्ञा पाळा’, नोटेवर ‘हा तुमचा देव’. रेगनच्या अमेरिकेवर इतकं उघडं बोलणारा दुसरा विज्ञानपट दाखवा. आणि नायक कोण, तर कुस्तीच्या आखाड्यातला रॉडी पायपर. तुमच्या बर्फातल्या राक्षसाने जगाबद्दल असं काय सांगितलं?

निशाचर:

पहिला अर्धा तास मीही डोक्यावर घेईन. पुढे काय होतं? दोघं बंदुका घेऊन इमारतीत शिरतात आणि दिसेल त्याला मारत सुटतात. इतकी धारदार कल्पना, आणि शेवट एका अँटेनावर गोळी घालून. गल्लीतल्या मारामारीवर लोक फिदा असतात, पण ती पाच मिनिटांहून जास्त चालते!

तिरकस:

चालणारच! मित्राला चष्मा लावायला सांगतोय आणि तो मार खाईल पण लावणार नाही. माणूस खरं बघायला किती काळ नकार देतो, ते दाखवायला एक ठोसा पुरला असता का? पहिल्या मिनिटाला हसू येतं, तिसऱ्याला कंटाळा, आणि नंतर कंटाळ्याचीच लाज वाटायला लागते.

अवांतर: याच चित्रपटाचा ज्यूविरोधी कटकथावाल्यांनी इतका उलटा अर्थ लावला की २०१७ मध्ये कार्पेंटरला स्वतः सांगावं लागलं, हा चित्रपट यप्पी (पैशामागे धावणारे शहरी तरुण) आणि बेलगाम भांडवलशाहीबद्दल आहे. ‘प्रिन्स’चा अर्थ लावायला मात्र अजून कोणी भांडलेलं नाही. पाद्री आणि विद्यार्थी आळीपाळीने व्याख्यानं देतात आणि मधूनच कोणीतरी मरतं.

मृगजळ:

तुम्हा सगळ्यांच्या याद्यांत एक गोष्ट सारखी आहे: ‘स्टारमॅन’ कोणालाच नको. १९८२च्या जूनमध्ये ‘ई.टी.’ आला, दोन आठवड्यांनी ‘द थिंग’, आणि त्याच दिवशी ‘ब्लेड रनर’. लोकांना गोड परग्रहवासी हवा होता, कार्पेंटरने पोट फाडणारा दिला. समीक्षकांनी झोडपलं, हातात येत असलेला पुढचा चित्रपटही गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी तो ‘स्टारमॅन’ करतो. गंमत म्हणजे कोलंबिया स्टुडिओने ‘ई.टी.’ सोडून हीच पटकथा धरली होती.

जेफ ब्रिजेसला ऑस्कर नामांकन मिळालं. मेलेल्या नवऱ्याचं रूप घेतलेला अनोळखी जीव, पाखरासारखी मान हलवणारा, आणि त्याला गाडीतून घेऊन निघालेली बायको. नीट बघितलं तर ही ‘द थिंग’चीच कल्पना आहे, फक्त नक्कल झालेल्या माणसावर कोणीतरी प्रेम करत होतं. ‘द थिंग’मध्ये पडद्यावर एक बाई नाही, त्यामुळे हा प्रश्न तिथे उभाच राहत नाही. मी ‘स्टारमॅन’ तिसरा लावेन आणि ‘प्रिन्स’ यादीबाहेर.

निशाचर:

मृगजळ, हा मुद्दा मी कुठे वाचलेला नव्हता. पण ‘स्टारमॅन’मध्ये सरकारी माणसं पाठलाग करतात तो सगळा भाग कोणीही केला असता. ब्रिजेसचा चित्रपट आहे तो.

दुसरं रीळ:

अरे वा! म्हणजे ब्रिजेसमुळे ‘स्टारमॅन’चे गुण कापायचे आणि बॉटिनमुळे ‘द थिंग’चे कापायचे नाहीत. हस्तकलेचा नियम आता कोणी लावला?

निशाचर:

गुण पाठलागाचे कापले, ब्रिजेसचे नाहीत. ब्रिजेस पडद्यावर असताना कार्पेंटर त्याला मोकळं सोडून बाजूला होतो आणि ते छान आहे, पण बाजूला झालेला कार्पेंटर मी तिसऱ्या जागी बसवणार नाही.

सिंथवेडा:

‘द थिंग’च्या शेवटी नायक मॅकरेडी आणि चाइल्ड्स दोघं शेकत बसतात, त्यातला चाइल्ड्स थिंग आहे का? त्याच्या तोंडातून वाफ निघत नाही म्हणे.

निशाचर:

निघते, अंधुक. प्रकाश मॅकरेडीच्या बाजूला जास्त आहे. वाफेवरून ठरवता आलं असतं तर अख्ख्या चित्रपटात रक्ताची चाचणी करायची वेळच आली नसती.

मृगजळ:

‘डार्क स्टार’ कोणाच्याच यादीत नाही? विद्यार्थिदशेत सुरू केलेला चित्रपट, परग्रहवासी म्हणून चक्क समुद्रकिनाऱ्यावरचा फुगवायचा चेंडू, आणि फुटू नकोस म्हणून बॉम्बशी तत्त्वज्ञानावर वाद. बॉम्ब विचार करतो, आपणच देव आहोत असं ठरवतो आणि फुटतो. सहलेखक डॅन ओ’बॅननने नंतर ‘एलियन’ लिहिला.

निशाचर:

माझ्या यादीत आठव्या जागी. त्या बॉम्बच्या जोरावर ‘द फॉग’च्या वर.

दुसरं रीळ:

‘द फॉग’च्या वर? सुरुवातीला जॉन हाउसमन रात्री शेकोटीपाशी पोरांना बुडालेल्या जहाजाची गोष्ट सांगतो, हातात घड्याळ, बारा वाजायला पाच मिनिटं. पहिली आवृत्ती भीतीदायक नाही म्हणून कार्पेंटरने मागाहून जे चित्रित करून जोडलं, त्यातलाच हा प्रसंग. तेवढ्यावरून मी तुमचा ‘डार्क स्टार’ चेंडूसकट ओवाळून टाकतो.