मदत हवी आहे: मुलांच्या शिबिरात रॅपलिंग ठेवताना कोणते नियम लावता?

नमस्कार मंडळी,

मुलुंडला आमचा मुलांचा एक गट आहे. दर शनिवारी बागेत जमतो आणि महिन्यातून एकदा बाहेर पडतो. नॅशनल पार्क, कर्नाळा, फार तर पेब. मुलं ११ ते १५ वयाची, यंदा २८ आहेत. सांभाळणारे आम्ही पाच ताई-दादा, सगळे नोकरीवाले. आजवर आमचे नियम दोनच होते: रांग सोडायची नाही, पाण्यात उतरायचं नाही.

यंदा डिसेंबरच्या शिबिरात रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) हवंच, असा पालकांचा धोशा आहे. शेजारच्या सोसायटीतल्या मुलांचे फोटो ग्रुपवर फिरले ना! मी मात्र गेल्या वर्षीपासून धास्तावलेली आहे.

तेव्हा बाहेरच्या एका आयोजकाला बोलावलं होतं. कडा साठेक फुटांचा. सातवीतली एक मुलगी निम्म्यावर आली आणि तिची वेणी दोराबरोबर डिसेंडरमध्ये (दोर ज्यातून सरकतो आणि उतरायचा वेग आवरला जातो, त्या उपकरणात) ओढली गेली. मान एका बाजूला खेचलेली, पाय कातळावरून सुटलेले. मी खाली उभी, तोंडातून आवाज फुटेना. वरून कुणीतरी ओरडलं, "कात्री पाठवा!" ताणलेल्या दोराजवळ कात्री! नशिबाने आयोजकाच्या माणसांतलाच एक पोरगा शहाणा निघाला. त्याने तिचा बिले (वरून धरलेला सुरक्षेचा वेगळा दोर) लॉक करायला लावला, स्वतः दुसऱ्या दोरावरून तिच्यापर्यंत उतरला, डिसेंडरच्या वर प्रुसिक (ताण आला की दोरावर आवळणारी गाठ) मारून त्याच्या फासात तिला पाय ठेवायला सांगितलं. ती उभी राहिली तसा डिसेंडर सैल झाला, मग एकेक बट सोडवली. वीसेक मिनिटं गेली असतील. खाली आल्यावर तिने आधी वडापाव मागितला. मला मात्र रात्रभर झोप नाही.

या वेळी नियम लिहूनच काढायचे आहेत. केस बांधून हेल्मेट आणि टी-शर्टच्या आत, ओढणी नाही, हुडीची दोरी नाही, हे झालं. पुढचं सांगा:

आयोजक कसा पारखायचा? २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, ती मागणारच आहे. पण कागद बघून दोर कळत नाही.

"सर्व जबाबदारी आमची" असं पालकांकडून लिहून घेतलं की आपण सुटतो का?

आणि काही पालकांना जुलैत धबधब्यातलं रॅपलिंगही हवंय. त्याला मी सरळ नाही म्हटलं. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाऊस वर डोंगरात पडतो, लोंढा खाली येतो. यावर चर्चा नको.

प्रतिसाद १
ताई, आयोजकाला एकच विचारा: मूल मध्येच अडकलं तर काय कराल? आणि तोंडी उत्तर घेऊ नका, आधी मोठ्या माणसाला लटकवून करून दाखवायला लावा. रॅपलचा दोर वरून सैल सोडता येईल असा बांधलेला असेल, तर अडकलेल्याला तसंच हळूहळू खाली घेता येतं. दोर घट्ट गाठ मारून बांधला की खेळ संपला. शिवाय दोन स्वतंत्र अँकर (दोर बांधायचे आधार), प्रत्येक मुलाला वेगळा बिले, स्क्रू लावलेले कॅराबिनर (जोडणीच्या धातूच्या कड्या). दोर कधी घेतला तेही विचारा. नायलॉन न वापरताही म्हातारं होतं, दहा वर्षांपुढचा दोर मुलांसाठी नकोच.

प्रतिसाद २
आमच्या वेळी नारळाच्या दोरीने उतरायचो, काही झालं नाही.

प्रतिसाद ३
ज्यांना झालं ते इथे लिहायला आलेले नाहीत, काका.
ताई, त्या सहीने निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. पण पत्र घ्याच, दुसऱ्या कारणासाठी: दमा, फिट्स, ॲलर्जी, चालू औषधं. लोक इनहेलर खालच्या सॅकमध्ये ठेवतात, मूल वर कड्यावर. आणि आदल्या दिवशी कडा बघून या. आग्या मोहोळ दिसलं तर जागा बदला. शेकोटी, अत्तर, आरडाओरडा बंद. दोराला लटकलेल्या पोराला माशांपासून पळता येत नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. (काका, तुमचेही.) अडकलेल्याला सोडवण्याचं प्रात्यक्षिक आधी, पैसे नंतर, असं ठरवलं. वर दोन आणि खाली एक आमचा माणूस, आणि एकाने जरी "थांबा" म्हटलं तरी थांबायचं, कारण मागायचं नाही.
आता एकच राहिलं. आमची ११ वर्षांची पोरं काटकुळी आहेत, कंबरेचा हार्नेस (अंगाला बांधून दोराला जोडायचे पट्टे) त्यांना धड बसत नाही, उलटं झालं तर निसटतील अशी भीती वाटते. त्यांच्या मापाचे फुल बॉडी हार्नेस मुंबईत भाड्याने कुठे मिळतील? नाही मिळाले तर ती सात मुलं या वर्षी खाली बसून गाठी शिकतील.