मदत हवी आहे (2025 मधला धागा): आयातीवर कोटा असताना लहान फाउंड्रीने मेट कोक (भट्टीत जाळायचा, दगडी कोळशापासून केलेला कोक) कुठून आणायचा?

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमची बिडाची छोटी फाउंड्री आहे. वडिलांनी सुरू केलेली, आता मी बघतो. पंपाच्या केसिंग आणि मोटारीच्या बॉडी ओततो. भट्टी अजून क्युपोलाच, म्हणजे कोक जाळून बीड वितळवणारी उभी भट्टी, आठवड्यातून तीनदा पेटते. महिन्याला सात-आठ टन कोक लागतो, आणि तेवढाही धड मिळेना झालाय.

कारण या धंद्यातल्यांना ठाऊक आहेच. 18 टक्क्यांपेक्षा कमी राखेच्या मेट कोकच्या आयातीवर केंद्राने 1 जानेवारी 2025 पासून मर्यादा घातली. सहा महिन्यांना सगळ्या देशाला मिळून सुमारे 14 लाख टन, तेही कुठल्या देशातून किती आणायचा हे वाटून. पुढे ती मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढली. देशातल्या कोक कारखान्यांना आधार हवा हे मला मान्य आहे, तिथंही माणसं कामाला आहेत. पण सात टनवाल्याचा विचार यात कुणी केला?

मागच्या महिन्यात नेहमीच्या व्यापाऱ्याकडून आलेल्या कोकमध्ये निम्मा चुरा होता. आम्हाला तीन-चार इंची तुकडा लागतो, हा सुपारीएवढा. भट्टीत वाराच खेळेना. ब्लोअर पूर्ण उघडला तरी तुयरच्या (भट्टीत वारा सोडणाऱ्या नळीच्या) काचेतून आत लालच दिसत होतं, पांढरं काही होईना. स्लॅग (वितळलेली मळी) काकवीसारखा चिकट. पहिल्या लाडलमधला (ओतायच्या भांड्यातला) बिडाचा रस इतका थंड की 22 केसिंगच्या कडा भरल्याच नाहीत. सगळा माल फोडून परत भट्टीत. मोल्डिंगवाल्या (साचे करणाऱ्या) पोरांचा दिवसभराचा घाम वाया गेला, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

वडिलांच्या काळात पिग आयर्नवर (कच्च्या बिडावर) सरकारी नियंत्रण होतं. 1992 मध्ये ते उठेपर्यंत कागदपत्रांच्या खेपा घालून जीव मेटाकुटीला यायचा, असं ते सांगतात. पण लहान युनिटच्या नावावर थोडका का होईना, कोटा असायचा. आता परवाना काढायचा तर डीजीएफटीकडे (केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याकडे), आणि जहाज येतं हजारो टनांचं. मी त्यात कुठं बसतो?

तर विचारायचं हे, की आम्ही आठ-दहा फाउंड्रीवाले मिळून एकाच्या नावावर परवाना काढून माल वाटून घेऊ शकतो का? कुणी केलंय का असं? विजेवरची इंडक्शन भट्टी घ्या असं कृपया सांगू नका. विजेचा जादा लोड आणि कर्ज, दोन्ही सध्या झेपणारं नाही.

उत्तर (होनग्याचे एक फाउंड्रीवाले):
दादा, एकाच्या नावावर काढून वाटायचं मुळीच करू नका. परवाना लागणाऱ्या मालाला ‘ॲक्च्युअल युजर’ची (प्रत्यक्ष वापरणाऱ्याची) अट असते. खास सूट नसेल तर ज्याचा परवाना त्यानेच तो आपल्या कारखान्यात वापरायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. उद्या तपासणी आली तर नाव असलेला माणूस अडकेल.
आम्ही पाच जणांनी वेगळी वाट धरली. देशातल्याच एका कोक कारखान्याकडून थेट ट्रेलर मागवतो, 25 टनांचा. ऑर्डरमध्येच तुकड्याचा आकार आणि राखेची टक्केवारी लिहून घेतो. गाडी उतरवायच्या आधी एक घमेलं चाळणीवर ओतायचं आणि दोन-चार तुकडे डोक्याएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकायचे. भुगा झाला तर गाडी परत. पैसे आगाऊ भरावे लागतात, तेवढी तयारी ठेवा. आणि हातात असलेला चुरा बेडमध्ये (भट्टीच्या तळच्या कोकच्या थरात) अजिबात घालू नका, बेडला मोठेच तुकडे राखून ठेवा.

धागाकर्ता:
लाख मोलाचं सांगितलंत काका. बेडची चूक आमचीच झाली, आला तसा माल ओतला होता. उद्या चाळायला दोघं बसवतो. तुमच्या पुढच्या ट्रेलरमध्ये आमचे सात टन बसतील का? आगाऊ पैसे या आठवड्यात भरतो. मच्छेचे दोघे फाउंड्रीवालेही तयार आहेत.