मदत हवी आहे: पणजोबांच्या वहीतली औटकी वाचायची आहे

नमस्कार मंडळी, गावच्या घरी माळ्यावर पणजोबांची एक वही सापडली, पानभर आधी शिरोरेघा ओढून त्याखाली मोडी लिपीत लिहिलंय, दोन-चार शब्द लागले त्यावरून पावकी, निमकी, दिडकी, औटकी असे पाढे वाटतायत. (पावकी म्हणजे पावचा पाढा, निमकी अर्ध्याचा, दिडकी दीडचा, औटकी साडेतीनचा.) पंतोजींच्या शाळेत हे पाढे रोज घोकून घ्यायचे, बाजारातला हिशोब पोरं तोंडीच करायची.

मग १८३५ ला मेकॉलेचा तो मिनिट (म्हणजे या इंग्रज अधिकाऱ्याचं शिक्षणावरचं सरकारी टिपण) आला, सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला, १८५४ च्या वुडच्या खलित्यात (कंपनी सरकारच्या शिक्षण-धोरणाच्या पत्रात) मातृभाषेतल्या शाळांना जागा होती खरी पण नोकरी इंग्रजीवालाच मिळवणार म्हटल्यावर लोक तरी काय करणार, आणि छापील पुस्तकं बाळबोधीत (म्हणजे देवनागरीत) त्यामुळे मोडी हातापुरतीच उरली. मला याचं खरंच फार वाईट वाटतं, तीनच पिढ्यांत आमच्याच घरचं अक्षर आम्हाला वाचता येईना.

कोणी मोडी नीट वाचणारं आहे का? दोन पानांचे फोटो पाठवते. आणि कोणाच्या आजी-आजोबांना औटकी अजून पाठ असेल तर प्लीज मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा, चाल कशी होती ते मला ऐकायचंय.