अठराव्या शतकातील बंदरांमधल्या शर्यती नेमक्या कोणाच्या होत्या?

कृष्णाकाठ (सांगली) : नमस्कार. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढले की आमच्याकडे होड्यांच्या शर्यती होतात आणि घाटावर माणसांची रीघ लागते. त्या निमित्ताने वाचनालयात एक छोटे व्याख्यान ठेवायचे आहे. अठराव्या शतकात परदेशांतील बंदरांच्या गावीही शर्यती आणि सणांच्या चढाओढी होत असत. परंतु त्या दरबारी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी भरवल्या जात, की ज्यांचे पोट पाण्यावर चालते त्या नावाड्यांच्या स्वतःच्या होत्या? जाणकारांनी उदाहरणे देऊन सांगावे.

माहुलीकर (सातारा) : नावाड्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम उदाहरण लंडनचे आहे. राजा पहिला जॉर्ज गादीवर आला, त्याच्या स्मरणार्थ थॉमस डॉगेट या नटाने १७१५ मध्ये थेम्स नदीवर वल्हवण्याची शर्यत सुरू केली. तिच्यात धनिकांच्या मुलांना प्रवेश नव्हता; नावाड्याच्या धंद्यात उमेदवारी नुकतीच पुरी केलेले सहा तरुण लंडन ब्रिजपासून चेल्सीपर्यंत सुमारे साडेसात किलोमीटर वल्हवत जात, तेही ओहोटीच्या प्रवाहाविरुद्ध आणि उतारू ने-आण करण्याच्या रोजच्या होडीतून. जिंकणाऱ्याला एक कोट आणि दंडावर लावायचा चांदीचा बिल्ला मिळे. त्या बिल्ल्यावर पहिल्या जॉर्जच्या हॅनोव्हर घराण्याचा घोडा कोरलेला असे. मला हे बक्षीस फार मोलाचे वाटते, कारण नव्याने धंद्यात उतरलेल्या माणसाला थैलीपेक्षा घाटावरची पत अधिक काळ पुरते. डॉगेट १७२१ मध्ये वारला, पण मृत्युपत्रात त्याने तरतूद करून ठेवली होती, आणि ही शर्यत आजही होते.

वाचक (मिरज) : माहुलीकरांचे उदाहरण योग्यच आहे, परंतु व्हेनिस पाहिल्यास 'दरबारी की नावाड्यांच्या' अशी सरळ विभागणी करता येत नाही. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक १७०९ मध्ये तेथे आला, तेव्हा त्याच्या सन्मानार्थ मोठ्या कालव्यात शर्यत झाली. खर्च आणि थाट सरदार घराण्यांचा, पण वल्ही मारणारे हात नावाड्यांचेच. पहिल्या चौघांना निशाणे मिळत आणि चौथ्याला निशाणाबरोबर डुकराचे जिवंत पिल्लू दिले जाई.

याहून मोलाची गोष्ट तेथील दोन तटांची आहे. पूर्वेकडचे, गोदी कामगारांचे कास्तेलानी आणि पश्चिमेकडचे, कोळ्यांचे निकोलोत्ती पुलांवर ठोशांच्या लढाया करीत, आणि त्यांत माणसे पाण्यात पडत, जखमी होत, मरतही. १७०५ मध्ये सरकारने त्यांवर बंदी घातली. मात्र चुरस संपली नाही. कार्निव्हलच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासाच्या काळाआधी होणाऱ्या उत्सवाच्या, शेवटच्या गुरुवारी हेच दोन तट राज्यप्रमुखासमोर माणसांवर माणसे चढवून मनोरे रचत. दहीहंडीचे थर पाहिलेल्या आपल्या श्रोत्यांना हे चटकन समजेल. बंदी घालणाऱ्यांनी त्या चुरशीला दुसरी वाट मोकळी ठेवली, हा मुद्दा व्याख्यानात अवश्य घ्यावा.

कृष्णाकाठ (सांगली) : दोघांचाही आभारी आहे. धार्मिक सणाशी जोडलेले एखादे उदाहरण मिळाल्यास व्याख्यान पुरे होईल.

माहुलीकर (सातारा) : फ्रान्सचे सेत घ्यावे. १६६६ मध्ये या बंदराची पायाभरणी झाली, त्याच दिवशी तेथे पाण्यावरची भाल्यांची झुंज झाली, आणि १७४३ पासून संत लुईच्या सणाला, म्हणजे २५ ऑगस्टच्या सुमारास, तिची मोठी स्पर्धा भरते. दोन जड होड्या समोरासमोर वल्हवत आणतात; प्रत्येकीच्या मागच्या बाजूला उंच बाहेर काढलेल्या फळीवर ढाल-भाला घेतलेला एक जण उभा असतो. होड्या एकमेकींच्या बाजूने जाताना दोघे परस्परांच्या ढालीवर भाला रोवतात आणि ज्याचा तोल जातो तो पाण्यात पडतो. खाली वल्हेकऱ्यांनी होडी सरळ रेषेत ठेवली नाही, तर वरचा कितीही बळकट असला तरी टिकत नाही. म्हणून व्याख्यानात वल्हेकऱ्यांविषयीही बोलावे. सांगलीच्या श्रोत्यांना तो भाग अधिक जवळचा वाटेल.