दूधही सोडायचंय: डब्यात काय आणि किती?

मटकी_मोड (धागाकर्ती)
मंडळी, घरात अंडी-मासे बंद झालेच आहेत, आता दूध-दही-तूपही बंद करून व्हीगन (प्राण्यांपासूनचं काहीच नाही) व्हायचं ठरतंय. माणसं दोन. नवरा ४६, वजन ७४, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू, कोलेस्टेरॉल वाढलेलं. मी ४१, वजन ५८, हिमोग्लोबिन १०.८. डबे सकाळी ७ ला भरतात, घरी परत यायला रात्रीचे ८. फायदा नक्की कशात, मार कुठे बसतो, आणि डब्यात किती काय, ते आकड्यांत सांगा. महागड्या पावडरी नकोत. 'संतुलित आहार घ्या' हा सल्ला पाठ आहे.

परळचा_वाटाणा
फायद्याचं आधी, ते लवकर संपतं. तूप, साय, चरबीचं मटण ताटातून गेलं की संपृक्त स्निग्धांश कमी होतो. कडधान्यं, ओट्स, फळं यांतला विरघळणारा चोथा पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो, मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) खेचतं. म्हणून लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आता एकदा आणि तीन महिन्यांनी परत करा.

पण तुपाच्या जागी खोबरेल आणि दह्याच्या जागी नारळाचं दूध आलं, तर आकडा हलणार नाही. खोबरेल तेलात जवळपास ९०% संपृक्त चरबी असते. शेव-फरसाण आणि वनस्पती तुपातली खारीसुद्धा 'व्हीगन'च की!

ब्रिटनच्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात शाकाहाऱ्यांना हृदयविकार २२% कमी दिसला, पण पक्षाघात २०% जास्त. दूधही न घेणाऱ्यांत हाडं मोडण्याचं प्रमाण ४३% जास्त. हे निरीक्षणाचे आकडे आहेत, कारण सिद्ध करत नाहीत. तरी पहिला आकडा सगळे फॉरवर्ड करतात, तिसरा कुणी करत नाही.

नवऱ्यासाठी: दही-मासे गेलेली जागा भात-बटाट्याने भरली तर साखर वाढेल. ती जागा उसळीने भरा.

लॅबकोट
बी१२ ला स्वयंपाकघरात उत्तर नाही. ते जिवाणू बनवतात. मोड, मशरूम, इडलीचं आंबवलेलं पीठ यांवर भिस्त ठेवू नका. स्पिरुलिनात असतं ते मुख्यतः तोतया, शरीराला निरुपयोगी.

गोळी: सायनोकोबालामिन, रोज ५० ते १०० मायक्रोग्रॅम, किंवा १००० ची आठवड्यातून दोनदा. गरज जेमतेम अडीच मायक्रोग्रॅमची असताना डोस एवढा मोठा का? आतड्यातली वाहतूक एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेते, त्यावरचं साधारण १% झिरपतं.

तुमच्या घरात एक फसवी गोष्ट आहे. मेटफॉर्मिन आधीच बी१२ चं शोषण कमी करतं. यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळे पहिलं वर्ष काहीच जाणवत नाही. पुढे तळपायाला मुंग्या आल्या की 'शुगरमुळे' म्हणून सोडून दिलं जातं. डाळी-पालेभाज्यांतलं फोलेट (एक ब जीवनसत्त्व) रक्ताचा अहवाल सावरून धरतं, नसांना मात्र वाचवत नाही. नवऱ्याचं बी१२ गोळी सुरू करण्याआधी तपासा. आकडा काठावर आला तर होमोसिस्टीन किंवा एमएमए (बी१२ खरंच कमी पडतंय का ते दाखवणाऱ्या तपासण्या).

तुमचं १०.८: लोहाची गोळी घेण्याआधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. पाळीत जास्त रक्त जातं का, थॅलेसेमिया मायनर (आनुवंशिक रक्तदोषाचा सौम्य प्रकार) आहे का, हेही डॉक्टरांशी बोला. पालक खाऊन १०.८ चा १२ होत नाही.

डब्याची_घंटी
प्रथिनं. एनआयएनचा (राष्ट्रीय पोषण संस्थेचा) आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम, पण सगळं धान्य-डाळीतूनच येणार असेल तर १ धरा. म्हणजे तुम्हाला ५८, त्यांना ७४.

पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते १५-२० ग्रॅम, त्यातून मिळतात ४-५ ग्रॅम. 'दोन वाट्या वरण झालं' यावर विसंबू नका. खालचे आकडे कोरड्या वजनाचे:

सकाळी ५० ग्रॅम मुगाची धिरडी: १२
डब्यात ६० ग्रॅम मटकीची उसळ: १४, तीन पोळ्या: १०
५ वाजता ३० ग्रॅम फुटाणे: ६
रात्री ३० ग्रॅम सोयाबीन वडी: १५, ज्वारीच्या दोन भाकऱ्या: ८

बेरीज ६५. नवऱ्याला वर मूठभर शेंगदाणे. वडी मिठाच्या पाण्यात ५ मिनिटं उकळा, थंड पाण्यात टाका, दोनदा घट्ट पिळा. न पिळलेल्या वडीला जो उग्र वास येतो, त्यानेच लोक ती सोडतात.

मोड: ८ तास भिजवा, पूर्ण निथळा, फडक्यात १२ तास. फडकं ओलसर हवं, ओलं नाही. आपल्या जून-जुलैत २४ तास ठेवलं तर बुळबुळीत होऊन वास मारतं, तेव्हा मध्ये एकदा धुऊन निथळा. अर्धा सेंटिमीटर मोड बास, मग फ्रिज. मोडाने फायटेट (लोह-जस्त अडवून ठेवणारा घटक) घटतं, म्हणजे लोह-जस्त जास्त लागू पडतं. कच्चे खाऊ नका, उबेत-ओलाव्यात साल्मोनेलाही मजेत वाढतो. ५-७ मिनिटं वाफ द्या.

७ चा डबा १ ला उघडणार. ओल्या नारळाचं वाटण मे-ऑक्टोबरात तोवर आंबतं. सुकं खोबरं किंवा दाण्याचं कूट घाला, आणि उसळ निवल्यावरच झाकण लावा.

चहा जेवणाआधी-नंतर तासभर नको, त्यातलं टॅनिन लोह अडवतं. उलट डब्यात अर्धा पेरू ठेवला तर शंभरएक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व सहज मिळतं, ते लोह शोषायला मदत करतं. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा.

आणि सगळं एकदम सुरू करू नका, पोट नगारा होईल. तीन आठवड्यांत वाढवा, भिजवलेलं पाणी फेका.

नाचणी_गिरणीतून
कॅल्शियम राहिलं, दूध सोडल्यावर खरी चणचण इथे. रोज १००० मिलिग्रॅम लागतं, कपभर दुधातून ३०० येतं. बदामाचं दूध त्याची जागा घेत नाही: प्रथिनं कपाला जेमतेम १ ग्रॅम, आणि पाकिटावर वेगळं घातल्याचं लिहिलं नसेल तर कॅल्शियम नावापुरतं. घातलेलं असतं ते तळाशी बसतं, म्हणून खोका दरवेळी जोरात हलवा.

नाचणीच्या दोन भाकऱ्या (८० ग्रॅम पीठ) २८०. पॉलिश न केलेले तीळ मोठा चमचाभर शंभराच्या आसपास, सोललेल्या पांढऱ्या तिळात फारच कमी. शेवग्याचा पाला, मेथी, मुळ्याचा पाला चांगले. पालकाचं कॅल्शियम ऑक्झलेटमध्ये अडकतं, शरीराला ५% च्या आसपास मिळतं. टोफू घेताना घटकांत कॅल्शियम सल्फेट आहे का बघा, घरी लिंबाने फाडलेल्यात ते नसतं. एवढं करूनही कमी पडलं तर गोळी, एका वेळी ५०० च्या वर नाही, आणि लोहाच्या गोळीबरोबर नाही.

अवांतर, दह्याची सवय असेल तर: वाटीभर शेंगदाणे ६-८ तास भिजवून सोला, तीन वाट्या पाण्यात वाटा, गाळा, सतत ढवळत उकळा (तळ पटकन लागतो), कोमट झाल्यावर हिरव्या मिरचीचे ७-८ देठ बुडवा. मे महिन्यात ५-६ तासांत लागतं, पुढे ठेवलं की पाणी सुटतं. पहिली खेप विरजण समजा, खायची दुसरी. चव ठीक, पण यात बी१२ नाही आणि कॅल्शियमही नावापुरतंच.

मटकी_मोड
सगळं टिपून घेतलं. पाकिटावर हिरवा ठिपका पाहून चालेल? आणि जवस, सैंधव?

डब्याची_घंटी
हिरव्या ठिपक्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. २०२२ च्या नियमांनंतर व्हीगनसाठी वेगळं चिन्ह आहे, नसेल तर घटक वाचा: व्हे (दुधाचं निवळ पाणी), केसिन (दुधातलं प्रथिन), दूध भुकटी. बाहेर डोसा सांगताना 'बटर नको, तूप नको' आधीच म्हणा.

जवस दळूनच, अख्खं तसंच बाहेर पडतं. मोठा चमचाभर पुडीत दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३. चटणी आठवड्यापुरतीच करा, खवट होते.

सैंधवात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. मासे आणि दूध दोन्ही गेल्यावर आयोडीनयुक्त मीठच ठेवा.

लॅबकोट
ड जीवनसत्त्वासाठी बंद खिडकीतलं ऊन मोजू नका, ड बनवणारे यूव्हीबी किरण काच अडवते. ड३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या तेलापासून, कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं. चालत नसेल तर लायकेनपासूनचं (दगडफुलाच्या जातीचं) ड३ किंवा ड२ मागा.

मटकी_मोड
रक्त एकदाच देता येईल का?

लॅबकोट
येईल. दोघांचं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी१२, ड. तुमचं वर फेरिटिन, त्यांचं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड. उपाशीपोटी यायचं का ते लॅबला विचारा. बी१२ ची गोळी सुई टोचून झाल्यावरच उघडा.