नाताळचं जेवण 40 माणसांचं: सोर्पोतेल, फुगे आणि एकच फ्रीज

गासची_सून
मंडळी, यंदा 25 तारखेच्या जेवणाची पाळी आमच्याकडे. तिन्ही काका, दोन्ही आत्या, त्यांची मुलं-सुना-जावई धरून 30 मोठे आणि 10 लहान. 24ला मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना), म्हणजे पाठ टेकायलाच दोन वाजणार, आणि पंगत दुपारी साडेबाराला. बेत असा: सोर्पोतेल (डुकराचं मांस आणि काळजाचा आंबट-तिखट रस्सा), विंदालू (व्हिनेगरच्या मसाल्यातलं डुकराचं मांस), बॉटल मसाल्यातली (बाटल्यांत भरून ठेवलेल्या साठवणीच्या मसाल्यातली) कोंबडी, फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे), भात, कोशिंबीर. एक जावई आणि त्याची आई शाकाहारी. घरात फ्रीज एक, शेगड्या दोन. किती माल आणायचा आणि काय कुठल्या दिवशी उरकायचं? शिवाय फुगे सकाळी केले की जेवणापर्यंत चिवट होतात, ते का?

मसालाबरणी
ताई, 25ला सकाळी भात, फुगे आणि कोशिंबीर सोडून काहीही शिजवायचं नाही, हे आधी ठरवून टाका. बाकी सगळं त्यावर बेतायचं.

माल: सोर्पोतेलला चरबीसकट डुकराचं मांस 3 किलो आणि काळीज पाऊण किलो. विंदालूला 3 किलो, कोंबडी 4 किलो. फुगे आहेत म्हणून तांदूळ अडीच किलो पुरे. मांसवाल्याला आठवडाभर आधी सांगून ठेवा. 23 तारखेला गेलात तर उरलंसुरलं गळ्यात पडतं.

सोर्पोतेल 22लाच करा. दोन-तीन दिवस मुरल्याशिवाय त्याला चव येत नाही. मांस मोठ्या तुकड्यांतच मीठ-हळद घालून अर्धा-पाऊण तास उकडा आणि पूर्ण गार झाल्यावर चिरा. गरम असताना सुरी लावली की चरबी निसटते आणि फोडी वेड्यावाकड्या होतात. फोड हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, बस. काळीज वेगळं आणि दहाच मिनिटं उकडायचं. मांसाबरोबर टाकलं तर त्याचा भुगा होऊन रस्सा गढूळ होतो. मग फोडी त्यांच्याच चरबीत थोड्या थोड्या परता. पातेलं भरून टाकल्या तर पाणी सुटतं आणि परतायच्या ऐवजी शिजत बसतात. उकडलेलं पाणी टाकू नका, रश्शाला तेच लागतं.

वाटण: काश्मिरी मिरची 70 ग्रॅम, लसूण 100, आलं 75, मिरे आणि जिरे दोन-दोन मोठे चमचे, दालचिनी, 15 लवंगा, हळद. सगळं सुमारे 300 मिली माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटायचं, पाण्याचा थेंब नको. दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर असेल तर 200वर थांबा, ते नुसतं झोंबतं. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. अ‍ॅल्युमिनियमला आंबट लागतं आणि रश्शाला धातूची चव येते.

विंदालू 23ला रात्री मसाल्यात मुरवत ठेवा, 24ला सकाळी शिजवा. बटाटा घालून वाढवायचा मोह होईल, घालू नका: दुसऱ्या दिवशी तोच आधी आंबतो. कोंबडी 24ला दुपारी. बॉटल मसाला शेवटी न टाकता कांद्यावर परतून घ्या, नाहीतर कच्चा वास राहतो.

उलथणं_झारा
फुग्यांचं मी सांगतो. 1 किलो मैद्याला 4 अंडी, 300 मिली घट्ट नारळाचं दूध, 400 मिली कोमट पाणी, 75 ग्रॅम साखर, 15 ग्रॅम मीठ, 50 ग्रॅम तूप आणि 10 ग्रॅम कोरडं यीस्ट. लिंबाएवढे 65-70 फुगे होतात, म्हणजे तुम्हाला 3 किलो मैदा लागेल.

पीठ पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. हाताला चिकटेल इतकं सैल ठेवून दहा मिनिटं तळव्याने आपटायचं. बहुतेकांचं इथेच बिनसतं. चिकटतंय म्हणून वरून मैदा घालत जातात, आणि घट्ट पिठाचा फुगा गार झाला की चिवट होतो. डिसेंबरात पहाटे गारठा असतो, तेव्हा पीठ फुगायला अडीच-तीन तास धरा. तीन किलो एकदम भिजवू नका. एक वाटा सकाळी सातला, पुढचे तासा-तासाने. नाहीतर शेवटचं पीठ जास्त आंबून बसतं आणि तेल पितं.

सोडताना हात पाण्यात बुडवायचा, पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर दाबायचा आणि ओल्या बोटांनी तोडून तेलात. तेल मध्यम तापलेलं हवं. पिठाचा ठिपका टाकला की लगेच वर यावा, पण करपू नये. मोठ्या कढईत एका घाण्याला 12च. जास्त टाकले की तेल निवतं. झाऱ्याने वरून तेल उडवत राहिलं की फुगा गोल होतो.

चिवटपणाचं दुसरं कारण डबा. गरम फुगे स्टीलच्या डब्यात झाकले की वाफ धरतात. टोपलीत सुती कापड, त्यावर फुगे, वरून हलकं कापड. दोनशे फुग्यांना एका कढईत सव्वा तास लागतो, तेव्हा दहाला भात चढवून, झाकून बाजूला करा आणि शेगडी मोकळी ठेवा.

वखारवाला
झाऱ्याशी वाद नाही, पण मिस्सेनंतर चार तास झोपलेल्या माणसाला सव्वा तास कढईपुढे उभं करायचं का? दोन किलोचेच फुगे करा आणि बेकरीत 60 पाव आधी सांगून ठेवा. सोर्पोतेलला पावही तितकाच चालतो.

शाकाहारी पाहुण्यांचं कोणी बोललंच नाही. फुग्यात अंडं आहे! पाव किलो मैदा अंड्याऐवजी दुधात वेगळा भिजवा आणि कोऱ्या तेलात पहिला घाणा त्यांचा काढा. केकचंही आधी सांगा, त्यात अंडं आणि रम दोन्ही असतात. मुलांसाठी मनुका संत्र्याच्या रसात भिजवून छोटा केक वेगळा करा. शाकाहारी पाहुण्यांना वाल किंवा वाटाण्याची भाजी नारळाच्या रसात, एवढं पुरतं.

कलकल (मैद्याचे शंखासारखे वळून तळलेले गोड तुकडे) दहा दिवस आधी करून ठेवता येतात आणि बायका-पोरं एकत्र बसली तर दोन किलोचे दुपारभरात वळून होतात. काट्याच्या पाठीवर वळताना शेवटची कड दाबून बसवा, नाहीतर तेलात उलगडतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका.

पंगती दोन करा: आधी मुलं आणि म्हातारी माणसं, मग बाकीचे.

गासची_सून
झकास. पाव सांगते. पण फ्रीजचं काय? सोर्पोतेलचं पातेलं आत मावणारच नाही.

मसालाबरणी
मावलं तरी ठेवू नका. खोल पातेल्यातला मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि तिथेच ते बिघडतं. तीन पसरट भांड्यांत वाटून, बाहेर निवलं की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. आधी वरचा कप्पा रिकामा करा, कोल्ड्रिंकच्या बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर. 23 आणि 24ला एकेक भांडं काढून खदखदून उकळा आणि परत तसंच निववा. वाढायच्या वेळीही एकेकच बाहेर काढा, म्हणजे उरलेलं रात्रीच्या पाहुण्यांना चालतं. आणि सिलिंडर भरलेला दुसरा आहे ना, तो आजच बघा.