वजन उतरवायचं तर भात-बटाटा सोडायलाच हवा का?

तिरफळ:
भाच्याला जिममधून आहाराचा तक्ता मिळालाय. भात, बटाटा, साबुदाणा, ज्वारीची भाकरी, सगळ्यांवर काट. आणि नाश्त्याला ओट्स, रात्री सूपबरोबर दोन स्लाइस ब्राउन ब्रेड! ओट्स आणि पाव पिष्टमय नाहीत असं त्या ट्रेनरला कुणी सांगितलं कोण जाणे. 'भाताने पोट सुटतं' हे आपल्याकडे इतकं मुरलंय की वजन कमी करायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड कुकरवरच पडते.

माझं म्हणणं: वजन पिष्टाने वाढत नाही, एकूण खाण्याने वाढतं. पिष्टाच्या एका ग्रॅममध्ये ४ कॅलरी, तेलातुपाच्या एका ग्रॅममध्ये ९. शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात ८५च्या आसपास कॅलरी असतात. वेफर्स केले की तेवढ्याच वजनात ५००च्या वर. यात बटाट्याचा काय गुन्हा? उपासाची खिचडी घ्या. एका बशीला साबुदाणा ८० ग्रॅम धरला तर २८० कॅलरी. त्यात मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाण्याचा कूट: १७०. चमचाभर तूप: १३५. निम्म्याहून जास्त कॅलरी कूट आणि तुपाच्या, आणि नाव बदनाम साबुदाण्याचं.

सिडनी विद्यापीठात सुझना होल्ट यांनी १९९५ साली ३८ पदार्थ प्रत्येकी २४० कॅलरी भरतील इतके खायला देऊन कशाने पोट जास्त भरल्यासारखं वाटतं ते मोजलं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. उकडलेल्या बटाट्याला मिळाले ३२३, सगळ्यांत जास्त. लोणीदार क्रुआसाँला (फ्रेंच पाव) ४७.

आणि २०१८चा स्टॅनफर्डचा प्रयोग. ६०९ माणसं, एक वर्ष. निम्म्यांना कमी स्निग्ध आहार, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा (म्हणजे पिष्ट आणि साखर कमी). पहिल्या गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६. हा फरक गणिताच्या दृष्टीने दखल घ्यावी इतकाही नाही.

भात सोडून बारीक झालेले असतात, मान्य. पण भाताबरोबर दुसरी वाढही सुटते, पापड-कुरडयाही सुटतात, रात्रीचं जेवणच आटोपशीर होतं. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो त्यात बराच वाटा पाण्याचा: शरीर ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठवतं तेव्हा दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणीही गेलं.

तेव्हा पिष्ट खुशाल खा, मापात खा. विरोधी मतं येऊ द्यात.

खवचट_खोबरं:
आली का परत दीक्षित-दिवेकर लढाई? एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत आटपा, दुसरीकडे ऋजुता दिवेकरांचं तूप घालून भात खा. दोन्ही पंथांतले बारीक झालेले लोक आमच्या सोसायटीत आहेत. न झालेलेही आहेत. मी जागा धरून बसतो.

मीटर_डाऊन:
तिरफळताई, तुमचं कागदावर बरोबर आहे, ताटात नाही.

नुसता उकडलेला बटाटा, मीठही न घालता, कोण खातं हो? होल्टबाईंच्या प्रयोगात एकेका पदार्थाला डझनभर विद्यार्थी होते आणि भूक मोजली दोन तास. मला दुपारी एकला जेवून रात्री नऊपर्यंत निभवायचं असतं. आमटी-भात चावावा लागत नाही, सरकन जातो. मोठी मूद कधी संपली कळत नाही, आणि चारला पोटात परत खड्डा. पनीर किंवा अंडी हावऱ्यासारखी खाऊन बघा, जमत नाही.

स्टॅनफर्डचं अर्धंच सांगितलंत. तिथे दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करा, भाज्या वाढवा असं सांगितलं होतं. म्हणजे तुमच्या कमी स्निग्ध, अर्थात जास्त कर्बोदकांच्या गटातही आपल्यासारखा पांढऱ्या भाताचा ढीग नव्हता.

तिसरं, आपली शरीरं वेगळी आहेत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभे राहिलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २३च्या वर गेला की जास्त वजन धरतात आणि कंबर पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका. अशा माणसाने गोऱ्या लोकांच्या सरासरीवर विसंबून भात चापायचा?

तिरफळ:
मीटरदादा, याज्ञिकांचंच पुढचं काम बघा. पुण्याजवळच्या गावांत १९९३पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेतला. आपली बाळं वजनाला कमी, अंगाने सडपातळ, पण चरबी मात्र त्या मानाने राखून जन्माला येतात. म्हणजे हे आईच्या पोटातच सुरू होतं, तान्ह्या बाळाने कुठे भात खाल्लेला असतो? कंबरेचं माप मला मान्य आहे. त्यावरून फक्त भातावर काट मारणं मान्य नाही.

'कळत नाही कधी संपलं' हा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर माझा उपाय: तांदूळ कच्चाच मोजायचा, ताटात वाढल्यावर नाही.

जोंधळी:
इतकं डोकं कशाला खपवायचं? भात सोडा, ज्वारीची भाकरी खा. आमच्या सोलापूरकडे म्हातारी माणसं दोन वेळा भाकरी-पिठलं खाऊन शिडशिडीत राहिली. ज्वारीत तंतू आहेत, दहाएक टक्के प्रथिनं आहेत, भाकरी चावावी लागते. कोकण्यांना भात सुटत नाही म्हणून सगळ्यांनी का भोगायचं?

आकडेमोड:
जोंधळीताई, हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. आयसीएमआर-इंडिॲब ही मधुमेहाची देशभरातली पाहणी. २०२५ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये त्यांचे आहाराचे आकडे आले. १,२१,०७७ प्रौढ. आपल्या एकूण कॅलरीतल्या सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, आणि त्यातली बहुतेक पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांतून. ज्यांच्या आहारात कर्बोदकं जास्त त्यांच्यात मधुमेह, जाडी, पोटाचा घेर यांचं प्रमाणही जास्त.

आता तुमच्या मुद्द्याचं. तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी दिसत नव्हता. तो कमी दिसत होता कुठे? कर्बोदकांतल्या ५ टक्के कॅलरी काढून त्या जागी डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांची प्रथिनं मांडली तेव्हा.

म्हणजे भात की भाकरी हे भांडण बऱ्याच अंशी फुकट आहे.

जोंधळी:
म्हणजे आमची भाकरी आणि यांचा मऊ भात एकाच मापात तोलायचा? पाहणी म्हणजे एका वेळचा फोटो. आधी काय झालं, नंतर काय झालं ते त्यात दिसत नाही. आणि शहरात 'मल्टिग्रेन' म्हणून विकतात ते पिठूळ प्रकरण वेगळं, पाट्यावरच्या चटणीबरोबर खाल्लेली भाकरी वेगळी.

आकडेमोड:
एका वेळचा फोटो, हे बरोबर. कारण-परिणाम त्यातून सिद्ध होत नाही. भाकरीने पोट भरलेलं राहतं हेही मी नाकारत नाही. जो माणूस तीन वाढ्या भाताऐवजी एका भाकरीवर थांबतो त्याला फायदा होणारच. पण तो थांबल्याचा फायदा. भाताच्या जागी तीन भाकऱ्या चेपल्या तर ज्वारी बिचारी काय करणार.

पथ्यपाणी:
मी आहारतज्ज्ञ आहे, रोज हेच ऐकते. दोन गोष्टी सांगून जाते.

मीटर_डाऊन, ब्रिटनमध्ये मधुमेह परतवण्याचा एक गाजलेला प्रयोग झाला, २०१७च्या डिसेंबरात त्याचे निकाल आले. वर्षभराने जवळपास ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. त्यांना सुरुवातीचे तीन-पाच महिने जे पेयरूप जेवण दिलं ते रोज ८२५ ते ८५३ कॅलरीचं होतं, आणि त्यातल्या ५९ टक्के कॅलरी कर्बोदकांच्या होत्या! वजन उतरलं, यकृत-स्वादुपिंडातली चरबी हलली, साखर आली ताळ्यावर. कर्बोदकं होती तरीही. हे वैद्यकीय देखरेखीखाली झालं. घरी कुणी ८०० कॅलरींचे प्रयोग करू नयेत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कुणी धागा वाचून उद्यापासून भात-भाकरी बंद केली तर साखर एकदम खाली जाऊन माणूस आडवा होऊ शकतो. नव्या 'ग्लिफ्लोझिन' जातीच्या गोळ्यांवर तर कर्बोदकं अगदी तोडल्यास कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्लं साचून जिवावर बेतण्याचा, धोका असतो. आधी डॉक्टरांशी बोला, मात्रा बदलून घ्या.

मला विचाराल तर आपल्या ताटातला खरा घोळ भात नाही, वरण आहे. एका वाटी पातळ वरणात डाळ असते वीस-पंचवीस ग्रॅम. प्रथिनं किती? पाचेक ग्रॅम. आणि बाई म्हणते, 'मी रोज डाळ खाते हो.' वरण घट्ट करा, उसळ भाजीइतकी वाढा, दही घ्या, मग भाताची मूद आपोआप लहान होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेतही तृणधान्यं एकूण कॅलरीच्या ४५ टक्क्यांपर्यंत आणायला सांगितलंय. शून्यावर नाही.

मीटर_डाऊन:
पथ्यपाणीताई, औषधांबद्दल सांगितलंत ते बरं झालं, त्यावर वाद नाही. पण तुमचा ब्रिटिश प्रयोग माझ्या बाजूचाच आहे की! मापून दिलेलं पाकीट प्यायचं होतं. तिथे 'अजून थोडा वाढ गं' म्हणायची सोयच नव्हती. मला पिष्टाची भीती नाही, मला त्याच्या मापाची खात्री नाही.

कमी कर्बोदकांवर पहिले सहा महिने वजन जास्त उतरतं, वर्षाने दोन्ही गट सारखेच होतात, हे २००३पासून माहीत आहे. पण सारखे का होतात? लोक सोडून देतात म्हणून. आहाराचा दोष की माणसाचा? शिवाय त्यात ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) उतरतात, ते आपल्या लोकांत कायम वर असतात. माझ्यासारख्याला अर्धी वाटी भात म्हणजे छळ आहे. अजिबात नको, हे सोपं जातं. सिगारेट सोडणाऱ्याला दिवसाला दोन ओढ असं सांगता का?

तिरफळ:
भात म्हणजे सिगारेट नाही हो. रोज ताटात येणारं अन्न आहे. घरात चार माणसं भात खाणार आणि तुम्ही एकटे काकडी चघळणार, असं किती वर्षं चालेल? लोक सोडून देतात हाच तर त्या आहाराचा गुण किंवा दोष. आहार पाळणाऱ्या माणसासकटच मोजावा लागतो.

तुम्हाला शून्य जमतं तर जरूर करा. माझा आक्षेप त्याचा नियम करून सगळ्यांच्या गळ्यात बांधण्याला आहे.

रेशनकार्ड:
इथे पनीर, अंडी, मासे असं चाललंय म्हणून लिहितो. २०२३च्या जानेवारीपासून रेशनवर प्राधान्य गटातल्या घरांना माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं. तांदूळ, गहू, आता कुठेकुठे ज्वारी-बाजरी. डाळ नाही. ज्या घरात धान्य फुकट आणि डाळ-तेल रोखीने, त्या घराच्या ताटात काय वाढणार हे सांगायला तज्ज्ञ कशाला? आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना डॉक्टरांनी सांगितलं, भात बंद. त्या म्हणाल्या, मग खाऊ काय? दिवसभर उभ्याने काम करतात, तरी पोट पुढे आणि साखर वर.

या धाग्यावरचा 'प्रथिनं वाढवा' हा सल्ला बरोबर आहे, पण तो फुकट नाही. त्यातल्या त्यात स्वस्त म्हणजे हरभरे, मटकी, दाणे आणि सुकट. दाणे जपून, वर तिरफळताईंनी हिशेब दिलाच आहे.

पथ्यपाणी:
रेशनकार्ड, पूर्ण सहमत. मी अशा घरांत भिजवलेले हरभरे आणि मोडाची मटकीच सांगते. अंगणवाडी-शाळांतून मुलांना तरी कडधान्य मिळतं, मोठ्यांचं कुणी बघत नाही.

खवचट_खोबरं:
एवढ्यात गणपती येतील. उकडीचा मोदक कुठल्या गटात टाकायचा तेवढं ठरवून ठेवा. आवरण पिष्ट, सारण गूळ-खोबरं, वरून तुपाची धार. तिन्ही पक्षांना एकाच घासात हरवतो.

मीटर_डाऊन:
मोदक सणाच्या गटात. तिथे मीही मीटर अप करतो.

शिळाभात:
एक शंका. भात थंड केला की त्यातलं पिष्ट बदलतं आणि वजन वाढत नाही असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. आमच्याकडे रोज सकाळी फोडणीचा भात असतो. मग मी सुरक्षित ना?

आकडेमोड:
अर्धं खरं. शिजलेला भात फ्रिजमध्ये रात्रभर राहिला की त्यातलं थोडं पिष्ट लहान आतड्यात न पचणाऱ्या रूपात जातं, आणि परत गरम केलं तरी त्यातलं बरंचसं तसंच राहतं. त्यामुळे जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते. पण कॅलरीत पडणारा फरक किरकोळ, त्यावर वजन उतरण्याची आशा धरू नका. बटाट्याचंही तेच. भात निवला की तास-दोन तासांत फ्रिजमध्ये टाका. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू विष तयार करतो, आणि ते विष फोडणीने मरत नाही.

आता सांगा, फोडणीला तेल किती घालता?

शिळाभात:
दोन पळ्या. शेंगदाणे वेगळे.